स्कॉटलंडची प्रतिकूल बाजू

येना, ९ नोव्हेंबर २०२५

हृषिकेश,

मायना काय घालावा ते ठरेना, म्हणून नुसतं नाव घातलंय. कागदोपत्री आपण अजून नवरा-बायको आहोत, पण पाच वर्षं तू ॲबर्डीनला आणि मी इथे जर्मनीत. ‘प्रिय’ लिहिलं तर तू हसशील आणि नाही लिहिलं तर रुसशील. फोन करत नाही, कारण फोनवर आपण दोघं एकाच वेळी बोलतो आणि घंटा वाजवायला कोणी नसतं. मेल तू ऑफिसात उघडतोस. पत्र निदान घरी नेऊन फोडशील.

काम सियाचं आहे. तिच्या शाळेत जानेवारीत वादविवाद स्पर्धा आहे. चौघं बोलणार, दोघं बाजूने आणि दोघं विरुद्ध. विषय ऐकून मी हातातली पळी खाली ठेवली. ‘स्कॉटलंडने ब्रिटनपासून स्वतंत्र व्हावं का?’ जगात एवढे देश पडलेत, पण त्यांच्या राज्यशास्त्राच्या बाईंना, फ्राउ लिंडनरना, नेमकं तुझंच गाव सापडलं. बाजू चिठ्ठ्या टाकून ठरतात. सियाला ‘व्हावं’ आलं. घरी आल्या आल्या म्हणाली, “आई, तू कॉलेजात चॅम्पियन होतीस ना? आल्झो, तर मग मला शिकव.” म्हणाली अर्थात जर्मनमध्ये. माझं मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये येतं. तिचं बोलणं मी इथे मराठीत लिहितेय, एवढं समजून घे.

आता अडचण बघ. कराडच्या कॉलेजात आपण दोघं जोडीने जायचो. तू अनुकूल, मी प्रतिकूल. प्रत्येक कॉलेजचा संघ तसाच, एक बाजूने आणि एक विरुद्ध, आणि दोघांचे मार्क मिळून एक फिरती ढाल. इथे कोणाला सांगितलं तर विश्वास बसत नाही, की एकाच संघातली माणसं व्यासपीठावर एकमेकांचे वाभाडे काढायची आणि मग एकाच एसटीने ढाल मांडीवर घेऊन परतायची. तू धरणाच्या बाजूने बोललास, इंग्रजी माध्यमाच्या बाजूने बोललास, एकदा तर हुंडाबंदी कायद्याच्या बाजूने बोलताना मुलींकडून टाळ्या घेतल्यास. त्या कायद्याच्या विरुद्ध बोलायचं माझ्या कपाळी आलं आणि तरी मी पहिली आले. सांगायचा मुद्दा, पोरीला ‘व्हावं’ शिकवायचंय आणि मला ‘नाही’ म्हणण्यापलीकडे काही येत नाही.

तू तिथे राहतोस, तिथे मतही देतोस. तर स्वातंत्र्याच्या बाजूचे चार मुद्दे पाठव. मुद्देच पाठव, बाकी काही लिहू नकोस.

तुझ्या सप्टेंबरच्या मेलला मी उत्तर दिलेलं नाही हे मला आठवतंय. सियाने दहावीनंतर तुझ्याकडे यावं, तिथल्या शाळेत दोन वर्षं काढावीत, मग तिथलीच युनिव्हर्सिटी. वाचलं मी. सिया इथे खूश आहे. आमचं त्यावर बोलणं झालंय. तेव्हा तो विषय राहू दे.

ऊर्मिला


येना, २३ नोव्हेंबर

हृषिकेश,

मुद्दे पोचले. मी चार मागितले होते, तू प्रबंध पाठवलास. पण चांगला आहे, हे कबूल करते. सियाने स्वयंपाकघरात उभं राहून मोठ्याने वाचला.

२०१४ च्या सार्वमतात स्कॉटलंडला सांगितलं गेलं की युरोपात राहायचं तर ब्रिटनबरोबर राहा. पंचावन्न टक्के लोक राहिले. दोन वर्षांनी इंग्लंडच्या मतांवर सगळेच युरोपबाहेर पडले, स्कॉटलंडमध्ये बासष्ट टक्क्यांनी उलट मत दिलं होतं तरी. हा मुद्दा तिला फार आवडला. “हे म्हणजे फसवणूकच की,” म्हणाली. अणुबॉम्बच्या पाणबुड्या स्कॉटलंडच्या खाडीत ठेवायच्या आणि ठरवायचं लंडनने, हाही घेतला. मग तो कोर्टाचा मुद्दा आला. पुन्हा सार्वमत घ्यायचं की नाही हे एडिनबराची संसद एकटी ठरवू शकत नाही, लंडनची परवानगी लागते, असं कोर्टाने २०२२ मध्ये सांगितलं. त्याखाली तुझं वाक्य: ‘ज्याच्यापासून वेगळं व्हायचं, त्याच्याकडेच नुसता प्रश्न विचारायची परवानगी मागायची?’

हे वाचून ती थांबली आणि तिने माझ्याकडे बघितलं. मी आमटी ढवळत राहिले. आपल्याकडे दोघांचं संयुक्त सोर्गेरेष्ट, पालकत्वाचा हक्क, आहे, म्हणजे तिने देश बदलायचा तर माझीही सही लागते, हे तुला माहीत आहे आणि मलाही. ते वाक्य तू स्कॉटलंडसाठी लिहिलंस का?

आणि ‘त्या सार्वमतात सोळा वर्षांच्या मुलांनाही मत होतं’ याच्या खाली तू दोनदा रेघ मारली आहेस. सिया सोळाची आहे हे मला ठाऊक आहे. पेन चांगलं चालतंय तुझं.

आता माझी बाजू ऐक, मला राहवत नाही. नाणं कोणतं वापरणार? पाउंड ठेवला तर व्याजदर परत लंडनच ठरवणार, आणि नवं काढलं तर लोकांच्या गृहकर्जाचं काय? माल सगळ्यात जास्त विकला जातो तो उरलेल्या ब्रिटनमध्ये. उद्या युरोपात शिरलात तर त्याच गिऱ्हाइकाच्या दारात जकातनाका येणार. दरडोई सरकारी खर्च आजच इंग्लंडपेक्षा जास्त आहे आणि तेलाचं उत्पन्न आटत चाललंय. मग पेन्शनी कोण देणार, वारा? तू नेहमी पहिली पाच मिनिटं स्वप्नं विकायचास आणि व्यवहार बघायला मी.

आणि नोव्हेंबरात तिथे दुपारीच अंधार पडतो. तू पवनचक्क्यांच्या कामावर पंधरा-पंधरा दिवस समुद्रात असतोस, तेव्हा घरी कोण असतं? ती आजारी पडली तर दार कोण उघडणार? तिला लहानपणी रात्रीचा खोकला यायचा, तो अजून थंडीत येतो. हा मुद्दा स्कॉटलंडचा नाही हे मला कळतंय. पण उत्तर दे.

ऊर्मिला


येना, १४ डिसेंबर

हृषिकेश,

‘शेजारी चांगले आहेत’ हे उत्तर नाही.

असो. इकडे धमाल चालली आहे. सियाच्या वर्गातली योहाना, ती सरळ केसांची, तुझ्या वेळी वाढदिवसाला यायची ती. तिला विरुद्ध बाजूची चिठ्ठी आली. बिचारी एकदा सियाबरोबर घरी आली आणि म्हणाली, “फ्राउ पाटणकर, माझ्याकडे मुद्देच नाहीत. सगळं गूगल करून सुकं सुकं वाटतं.” सियाला तू होतास, हिला कोण? माझ्या अंगात आलं. मी म्हटलं, बस. तेव्हापासून दर शनिवारी ती येते. मी थालीपिठं लावते आणि दोघींना आळीपाळीने झोडपते. सियाला तुझे मुद्दे, योहानाला माझे. सुरुवात कशी करायची, समोरच्याचं वाक्य त्याच्याच गळ्यात कसं घालायचं, कुठे थांबायचं. योहाना वहीत उतरवून घेते. सिया उतरवत नाही, नुसती ऐकते.

फ्राउ लिंडनरना मी पालकसभेत विचारलं. त्या म्हणाल्या, पहिले दोघं पुढच्या फेरीला जातील. म्हणजे जोडीच! मी तेव्हापासून दोघींना एकत्रच तयार करतेय. एक बाजूने, एक विरुद्ध, आपल्यासारखी.

काल एक सुरेख गोष्ट झाली. योहानाचे ओपा, म्हणजे आजोबा, इथल्या एका कारखान्यात भिंगं घासायचे. पूर्व आणि पश्चिम जर्मनी एक झाल्यावर तो बंद पडला आणि ते घरी बसले. ती म्हणाली, “ओपा अजून चिडतात. म्हणतात, एक व्हायचं म्हणून आम्ही नाचलो आणि वर्षभरात आमच्या हातातलं काम गेलं.” सिया लगेच म्हणाली, “गेनाऊ, बरोब्बर, हा तर माझा मुद्दा झाला.” मी योहानाला म्हटलं, “त्यांना विचार, मग परत वेगळं व्हायचं का?” तिने तिथेच फोन लावला. आजोबा इतक्या जोरात ओरडले की तव्यापाशी मला ऐकू आलं, “वेड लागलंय का? आत राहिलं तर भांडता तरी येतं!” योहानाचा चेहरा उजळला. मी म्हटलं, हे तुझं शेवटचं मिनिट. यापुढे पाउंड, पेन्शन काही बोलू नकोस, ओपांना बोलू दे.

सियाने काल अर्धं थालीपीठ तसंच ठेवलं. दमली असेल. सहामाहीच्या परीक्षाही आहेत.

तुझ्याशी रविवारी फोनवर ती काय बोलते? मी विचारत नाहीये, म्हणजे तिला विचारत नाही. दार लावून घेते. पूर्वी लावत नसे.

ऊर्मिला


येना, १७ जानेवारी २०२६

हृषिकेश,

सियाने तुला सांगितलं असेलच. तरी माझ्याकडूनही ऐक.

स्पर्धा गुरुवारी झाली. सिया छान बोलली. कोर्टाचा मुद्दा तिने इतका शांतपणे मांडला की मागच्या बाकावरच्या मुलांनीही फोन खाली ठेवले. मग योहाना उठली. पाउंडवर दोन वाक्यं, सीमेवर दोन, आणि शेवटी ओपा. या गावात त्या सभागृहात असं एकही घर नसेल ज्यात तसे आजोबा नाहीत. परीक्षकांपैकी एकांनी चष्मा काढून पुसला. मी टाळ्या वाजवत होते, हृषिकेश. उभी राहून.

पहिली योहाना. दुसरा आला शेजारच्या तुकडीतला एक मुलगा, तोही विरुद्ध बाजूचाच. सिया तिसरी.

मी तशीच हसत पुढे गेले आणि फ्राउ लिंडनरना म्हटलं, “मग पुढे सिया आणि योहानाच जाणार ना? एक बाजूने, एक विरुद्ध?” त्यांना माझा प्रश्नच कळेना. इथे जोडी नसते. प्रत्येक जण आपापला असतो, पहिले दोन म्हणजे पहिले दोन, बाजू कुठलीही असो. त्यांनी मला हे फार गोड आवाजात समजावलं आणि सिया शेजारी उभी राहून ऐकत होती. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. इतके शनिवार मी माझ्या पोरीच्या प्रतिस्पर्ध्याला घरी बोलावून, खाऊ घालून, तिला हरवायचं शिकवत होते, आणि मला वाटत होतं की मी संघ बांधतेय.

ट्राममध्ये ती माझ्यासमोर न बसता मागे जाऊन बसली. घरी आल्यावर म्हणाली, “ओपाचा मुद्दा तू तिला दिलास.” मी म्हटलं, “अगं, तिचेच ओपा होते.” “मुद्दा तू काढलास. तिला सुचणारच नव्हता.” मी नियम समजावायला लागले, कराड, ढाल, संघ. तिने मध्येच तोडलं. “तुला मी हरलेली हवी होते. बाबाच्या बाजूने बोलून मी हरले की मी इथेच राहीन, हो ना?”

म्हणजे तिला माहीत होतं. तू सप्टेंबरातच तिला सांगितलं होतंस आणि ती इतके महिने माझ्या तोंडून ऐकायची वाट बघत होती. मी तुला लिहिलं की तिच्याशी बोलणं झालंय. झालेलं नाही. मी तिला एकदाही विचारलेलं नाही, भीती वाटली म्हणून. ती ‘हो’ म्हणेल ही भीती.

आता खरं सांग, मी मुद्दाम केलं असेन का? मी शपथेवर नाही म्हणते आणि लगेच माझं मलाच खात्रीने सांगता येत नाही. योहानाला तो मुद्दा मिळाला तेव्हा मला जो आनंद झाला तो नुसता शिकवणाऱ्या बाईचा होता का? लॅबमध्ये भिंगांच्या तपासणीला बसते आणि तीच काच पुन्हा पुन्हा बघते. काल एक चांगली काच मी बाद केली.

तिच्याशी तू बोल. पण माझ्याविरुद्ध बोलू नकोस, एवढी विनंती. ती माझ्याशी फक्त ‘या’ आणि ‘नाइन’, म्हणजे हो आणि नाही, एवढंच बोलते. तेही मीठ हवं का वगैरे विचारलं तरच.

ऊर्मिला


येना, ८ फेब्रुवारी

हृषिकेश,

तिथल्या शाळेला फेब्रुवारीअखेर कळवायचं आहे हा तुझा निरोप मिळाला. आधी हे पत्र पूर्ण वाच.

काल दुपारी मी सियाला म्हटलं, चल, नदीकाठी जाऊ. आली, हात खिशात घालून. नदीवर धुकं होतं, झाडं ओली, बाकांवर बर्फ राहिलेला, त्यामुळे बसायची सोय नव्हती. चालत राहिलो. मी पाठ केल्यासारखं सुरू केलं. तुला जायचंय का, हे मी विचारायला हवं होतं. आता विचारते. पण त्याआधी तू नीट विचार कर, बाबा पंधरा दिवस समुद्रावर असतो, इथलं आबिटूर, म्हणजे बारावी, दोन वर्षांवर आलंय, तिथला अभ्यासक्रम वेगळा, मैत्रिणी नाहीत, तुझा खोकला...

ती थांबली. म्हणाली, “आई, मी २०१४ ची भाषणं सगळी वाचली. विरुद्ध बाजूची पण. पाउंड जाईल, पेन्शन जाईल, सीमेवर रांगा लागतील, तुमचं तुम्हाला झेपणार नाही. सगळी भीती. तुम्ही गेलात तर आम्हाला करमणार नाही, असं म्हणायला शेवटच्या आठवड्यात लंडनला थोडे लोक जमले. इतके दिवस कुठे होते ते?” मग म्हणाली, “तूही तेच करतेस. मी गेले तर माझं काय वाईट होईल, हेच सांगतेस.”

मी हातमोजे काढले, परत घातले.

मग मी म्हटलं, “जाऊ नकोस.”

“का?” तिने विचारलं, सवयीने. तिला आपण दोघांनी तीच सवय लावली आहे.

“कारण काही नाही. मला तू घरात हवी आहेस. तू गेलीस तर मला घरी यावंसं वाटणार नाही.”

ती रडायला लागली. मी तर आधीपासूनच रडत होते. कुत्रं फिरवणाऱ्या एक बाई आम्हाला वळसा घालून गेल्या. सिया माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बराच वेळ उभी राहिली, आणि मला वाटलं, थांबली. राहिली. मी मनात तुला पत्रसुद्धा लिहायला घेतलं, की मी जिंकले.

मग नाक पुसून ती म्हणाली, “मला जायचंय, आई. मला दोन वर्षं बाबाबरोबर राहायचंय, तो घरात कसा असतो ते मला नीट आठवतसुद्धा नाही. पण मला वाटत होतं, तुला काही वाटतच नाही, तू नुसती नियमावर बोट ठेवून मला अडवून धरलंस. तसं असताना गेले असते तर भांडून गेले असते. आता तसं जावं लागणार नाही.”

मी ‘राहा’ म्हटलं म्हणून ती जाते आहे.

तर मी सही करणार आहे. तुझे कागद पाठव. ऑगस्टपर्यंत ती इथे आहे, तोवर तिच्या डोळ्यांचा नंबर तपासून घेते, स्वेटर घेते, तो खोकल्याचा काढा तिला करायला शिकवते, तू मध्ये पडू नकोस. तू समुद्रावर असशील ते दिवस तिने तुझ्या त्या चांगल्या शेजाऱ्यांपैकी कोणाकडे जायचं, त्यांचा फोन नंबर मला हवा, आणि त्यांच्याशी मी स्वतः बोलणार.

आणखी एक गोष्ट आहे. परतताना ट्राममध्ये तिने विचारलं, “बाबाला मी हवी आहे का? की त्याचं म्हणणं बरोबर ठरायला हवंय?” तू तिला काय काय पाठवलंस ते तिने मला फोनवर दाखवलं. युनिव्हर्सिटी फुकट, खिडकीतून समुद्र, इंग्रजी सुधारेल, लोक मोकळे. एकाखाली एक, क्रमांक घालून. अनुकूल बाजू तू उत्तम मांडतोस, यात वाद नाही. पण ‘ये’ एवढं कुठे लिहिलेलं मला दिसलं नाही. तिलाही दिसलेलं नाही. मी म्हटलं, हे बाबालाच विचार. तिला विचारवत नाही, तू काय म्हणशील याची भीती वाटते तिला.

म्हणून मी सांगतेय. पुढच्या रविवारी फोन करशील तेव्हा एकही मुद्दा मांडू नकोस. ‘ये, मला तू हवी आहेस’ एवढंच म्हण आणि थांब, ती काय म्हणते ते ऐक. ती यायला तयार झालीच आहे म्हणून टाळू नकोस.

तिची खोली भिंतीपलीकडेच आहे, कान दिला की स्पीकरवरचं ऐकू येतं. मी त्या वेळी बाहेर जाऊन येईन. तू तिला ‘ये’ म्हणालेलं मला ऐकवणार नाही.

ऊर्मिला